मुक्कामाला गाव असलेली वाट

हिमालयातील पायी प्रवासाविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात शिखरांचे वर्णन विपुल असते, थंडीचे आणि चढणीचे असते, क्वचित तत्त्वचिंतनही असते. परंतु दिवसभर चालून झाल्यावर माणूस रात्री कोठे टेकतो, त्याला कोण जेवू घालते आणि त्या जेवणाचा हिशेब कसा होतो, या प्रश्नाला तेथे बहुधा एखाद्या वाक्याचीच जागा मिळते. वास्तविक नेपाळच्या डोंगरांत गेली पन्नासएक वर्षे जी एक विशिष्ट पद्धती रुजली, म्हणजे पाठीवर ना तंबू, ना शिधा, ना भांडीकुंडी; सकाळी एका गावातून निघावे, दुपारी दुसऱ्या गावात जेवावे, सायंकाळी तिसऱ्या गावातील एखाद्या घरवजा लॉजमध्ये मुक्काम करावा, आणि असा क्रम आठ, दहा, वीस दिवस चालवावा, तिचे सारे आकर्षण या उपेक्षित प्रश्नाच्या उत्तरातच साठलेले आहे. हिमशिखरे तंबूतूनही दिसतात, आणि हेलिकॉप्टरमधून तर गुडघ्यांना तोशीस न लागता दिसतात. तरीही जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसे या वाटांवर पायी येतात, त्या अर्थी त्यांना शिखरांखेरीज आणखी काहीतरी हवे असले पाहिजे. माझे मत असे की, ही वाट त्यांच्यासाठी केलेली नव्हती, हेच ते 'आणखी काहीतरी' होय. ती दुसऱ्या कोणाच्या तरी उदरनिर्वाहाची, व्यापाराची किंवा यात्रेची वाट होती, आणि प्रवाशाला तिच्यावर काही काळ सामील करून घेतले गेले.

काली गंडकीच्या खोऱ्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. एका बाजूस ८,१६७ मीटर उंचीचा धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूस ८,०९१ मीटर उंचीची अन्नपूर्णा, अशा दोन प्रचंड पर्वतांच्या मधून ही नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. हिमालयाची भिंत येथे दुभंगलेली असल्यामुळे तिबेटचे मीठ आणि लोकर खाली उतरवण्याचा व सखल प्रदेशातील धान्य वर चढवण्याचा राजरस्ता शतकानुशतके हाच होता. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीच्या पात्रातून आलेला असतो, आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या मुक्तिनाथाच्या १०८ धारांखाली स्नान करण्यासाठी वैष्णव यात्रेकरू दक्षिणेतूनही पायपीट करीत जात असत. बौद्धांनाही ते स्थान तितकेच पूज्य आहे. या खोऱ्यातील थकाली लोक जात्याच व्यापारी. राणांच्या अमलात मिठाच्या जकातीचा इजारा त्यांच्यातील मातबर घराण्यांकडे असे, इजारदाराला 'सुब्बा' म्हणत, आणि तुकुचे या गावी त्यांच्या मालाची प्रशस्त कोठारे होती. अर्थात खेचरांचे तांडे, भरिये म्हणजे ओझेवाले, यात्रेकरू आणि सरकारी हरकारे यांना रात्रीचा आसरा लागे, आणि तो देणाऱ्या भट्ट्या बहुतांशी थकाली स्त्रियांच्या हातात होत्या. स्वच्छ सारवलेली चूल, घासून लखलखीत केलेली पितळी भांडी आणि आल्यागेल्याची विचारपूस करणारी साहुनी, ही या भट्टीची ख्याती आजही नेपाळभर टिकून आहे. काठमांडूत अथवा पोखऱ्यात भाताचे उत्तम ताट हवे असेल तर लोक थकाली भोजनगृहच शोधतात.

या भट्टीचा हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे. निजण्याचे पैसे नसत, पैसे जेवणाचे. जो तेथे जेवेल तो तेथे झोपेल, असा अलिखित करार होता. आपल्या बद्री-केदारच्या जुन्या यात्रामार्गावर चट्ट्या होत्या, त्यांची रीत अगदी अशीच होती: दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप घ्यावे, त्याच्याच भांड्यांत शिजवावे आणि त्याच्याच छपराखाली विनामूल्य पडावे. हनुमान चट्टी, जानकी चट्टी ही नावे आज मोटारीने जाणाऱ्यांनाही ठाऊक असतात, परंतु त्या नावांमागची ही व्यवस्था विस्मृतीत गेली. त्या मार्गावर अहिल्याबाई होळकरांनी धर्मशाळा बांधल्या ते धर्मकार्य होते, तर चट्टी हा व्यवहार होता. यात्रा चालली ती या दोहोंच्या जोरावर. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी हिंडले आणि त्याचे वर्णन त्यांनी गुजरातीत लिहिले, तो काळ या चट्ट्यांच्याच भरभराटीचा. पुढे ऋषिकेशच्या वर रस्ता जसजसा सरकत गेला, तसतशी एकेक चट्टी मोडत गेली. ही हकिकत लक्षात ठेवावी, कारण नेपाळात आज तेच घडत आहे.

नेपाळचे दरवाजे परकीयांना उघडले ते १९५०च्या सुमारास. त्या वर्षी ३ जूनला मॉरिस हर्झोग यांच्या फ्रेंच तुकडीने अन्नपूर्णा सर केली. त्याच वर्षी बिल टिलमन हे इंग्रज गिर्यारोहक एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू खोऱ्यात पोचले. परंतु मोठ्या मोहिमांचे चालणे म्हणजे लष्करी कूच होते: शेकडो भरिये, तंबू, रसद, स्वयंपाकी आणि सरदार असा सारा लवाजमा. जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९६४ साली 'माउंटन ट्रॅव्हल' ही कंपनी काढून हौशी प्रवाशांना डोंगरात नेण्याचा पहिला व्यवसाय मांडला, तेव्हाही त्याने याच लवाजम्याची लहान आवृत्ती केली. गावातून जायचे, पण गावात राहायचे नाही. गावाबाहेरच्या शेतात तंबू ठोकायचे आणि आपल्याच स्वयंपाक्याच्या हातचे खायचे. ही पद्धत सुखाची होती यात शंका नाही. तथापि तिच्यात गाव हे केवळ दृश्याचा भाग होऊन बसे.

भट्टीत जेवणारा परदेशी आला तो नंतर, १९७०च्या दशकात, आणि तो बहुधा खिशाने रिकामा होता. त्याला तंबूचा लवाजमा परवडत नव्हता, आणि भट्ट्यांनाही त्या वेळी गिऱ्हाईक हवे होते. १९५९ नंतर तिबेटच्या सीमेवरचा व्यापार आक्रसला, दक्षिणेकडून येणारे हिंदुस्थानी मीठ स्वस्त पडू लागले, आणि काली गंडकीच्या वाटेवरील तांडे विरळ झाले. खुंबूतही तोच प्रकार: नांगपा ला या खिंडीतून तिबेटशी व्यापार करणारे नामचे बाजारचे शेर्पा व्यापारी एकाएकी निरुद्योगी झाले. याप्रमाणे एका बाजूस ओस पडू लागलेली मुक्कामाची घरे आणि दुसऱ्या बाजूस मुक्काम शोधणारे गरीब प्रवासी, यांची गाठ इतिहासाने घालून दिली. मनांगवरून ५,४१६ मीटर उंचीची थोरांग ला ही खिंड ओलांडून मुक्तिनाथास उतरणारी अन्नपूर्णेची प्रदक्षिणा १९७७ साली परकीयांना खुली झाली, आणि मग दोन दशके ही सुमारे तीन आठवड्यांची वाट जगातील उत्तम पायवाटांत गणली गेली. घांद्रुकसारख्या गुरुंग गावांत लॉज बांधण्यास जे भांडवल लागले, त्यातील पुष्कळसे गोरखा पलटणींतून निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनीतून आले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही; परंतु त्या गावांतील चिरेबंदी अंगणे आणि हवालदाराच्या शिस्तीने आखलेली फुलझाडे पाहिली म्हणजे ती आपोआप उमगते.

आता आकर्षणाकडे वळू. पहिले कारण सर्वांच्या तोंडी असते, ते म्हणजे ओझे हलके. दोन कपडे, एक झोपण्याची पिशवी, पाण्याची बाटली, एवढ्यावर महिनाभर हिंडता येते. कारण खरे आहे, पण त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही; सोय म्हणजे गोडी नव्हे.

दुसरे कारण दिवसाच्या आकाराचे आहे, आणि ते अधिक खोल जाते. शहरातील मनुष्याचा दिवस तुकड्यांचा असतो. येथे दिवसाला एकच काम असते, अमुक गावाहून तमुक गावी जाणे, आणि ते काम दोन पायांच्या आवाक्यातले असते. चौताऱ्यांचेच पाहावे. चढणीच्या माथ्यावर वड-पिंपळाच्या जोडीखाली दगडी पार बांधलेला असतो आणि त्याला दोन उंचीच्या पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर भरियाने डोको (पाठीवरची टोपली) टेकवावा, नाम्लो (तिचा पट्टा) कपाळावरून सैल करावा आणि खालच्या पायरीवर स्वतः बसावे, अशी ती योजना. दोन चौताऱ्यांमधले अंतर ओझेवाल्या माणसाच्या दमाने ठरलेले आहे. मोकळ्या हाताने चालणाऱ्या प्रवाशाला ही मोजणी सुखद वाटते याचे कारण ती अनुभवाने झालेली आहे; तिच्यावर कोणा इंजिनियराने फूटपट्टी धरलेली नाही. काली गंडकीच्या पात्रात तर वेळापत्रकही वाऱ्याने घालून दिलेले असते: सकाळ सरता सरता दक्षिणेकडून असा सोसाट्याचा वारा सुटतो की वाळू तोंडावर मारते, म्हणून जोमसोमच्या बाजूने निघणारा पहाटेच निघतो आणि दुपारच्या आत दाराआड होतो. प्रवाशाची हौस तेथे विचारातच घेतली जात नाही, आणि नवल असे की त्याला त्याचे वाईटही वाटत नाही.

उंचीचा नियम याहून कडक. ५,५०० मीटरच्या सुमारास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि शरीराला त्याची सवय सावकाशीनेच होते. म्हणून ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये व तीन-चार दिवसांआड एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. खुंबूच्या वाटेवर हा संकेत गावांच्या रूपाने उभा आहे: नामचे ३,४४० मीटरवर, तेंगबोचेचा मठ त्याहून चारशेएक मीटर उंच, मग दिंगबोचे किंवा फेरिचे, मग लोबुचे, आणि अखेरीस ५,१६४ मीटरवर गोरक्षेप. १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे दवाखाने हंगामात फेरिचे व मनांग येथे चालतात, आणि तेथील डॉक्टर रोज दुपारी प्रवाशांना एवढेच बजावत असतात की, घाई करू नका. सक्तीने सावकाश होणे हे ज्यांच्या नशिबी इतरत्र कधी येत नाही, असे लोक या सावकाशीसाठी द्रव्य खर्च करून येतात.

परंतु या साऱ्याचा मध्य म्हणजे जेवणाची खोली. लॉजमधील निजण्याच्या खोल्या प्लायवूडच्या पातळ भिंतींच्या, थंडगार आणि उजाड असतात. शेजारचा खोकला, कूस बदलणे, झोपेतले बरळणे, सारे ऐकू येते. ऊब एकाच ठिकाणी असते. मध्यभागी लोखंडी शेगडी, तिच्यात लाकूड किंवा झाडांची रेषा संपल्यावर याकच्या शेणाच्या गोवऱ्या. भिंतींना लागून लांबच लांब बाकडी आणि त्यांवर तिबेटी आसने. शेगडीच्या या परिघात कोरियातला निवृत्त शिक्षक, नाशिकचे डॉक्टर पतिपत्नी, खालच्या खोऱ्यातला राई भरिया आणि लॉजच्या मालकिणीची अभ्यास करणारी मुलगी ही सारी एका उबेसाठी एकत्र बसतात. येथे कोणी कोणाला निवडलेले नसते. आदल्या दिवशी पाहिलेला चेहरा पुढच्या मुक्कामी पुन्हा भेटतो, कारण वाट एकच आणि मजल एकच. तिसऱ्या रात्री नावे ठाऊक होतात, पाचव्या रात्री कोणाचा गुडघा दुखतो आणि कोणाचे पोट बिघडले आहे हे ठाऊक होते. पंढरीच्या दिंडीत चालणाऱ्याला हे नाते नवे नाही. फरक इतकाच की येथे विठ्ठल प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि कित्येकांना तर तो कोण हेही निश्चित सांगता येत नाही.

आणि दिदी. लॉजच्या मालकिणीला सारेच दिदी म्हणतात, वयाचा विचार न करता. ती स्वयंपाक करते, हिशेब लिहिते, खेचरवाल्याशी भांडते, खाटल्यावरच्या आजारी प्रवाशाला लसणाचे सूप नेऊन देते, आणि दालभाताच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढते. हा दुसरा वाढा बिलात धरला जात नाही. खोलीचे भाडे नाममात्र, पण रात्रीचे जेवण याच घरी घेतले पाहिजे, हा आजचा नियम त्या जुन्या भट्टीचाच आहे. आणि भाडेकरूला पाहुण्याचा थोडासा दर्जा मिळतो तो याच नियमाच्या आधाराने. व्यवहार आणि आतिथ्य यांची अशी सरमिसळ आपल्या मराठी मनाला लगेच रुचते. राजगड-तोरणा-रायगड ही सह्याद्रीतील प्रसिद्ध चाल करणाऱ्यांना मोहरीसारख्या घाटमाथ्यावरच्या वस्तीत एखाद्या घरच्या ओसरीवर पिठलं-भाकरी मिळते, तिची चव पुष्कळदा रायगडाहून अधिक काळ लक्षात राहते.

इतर व्यवस्थांशी तुलना केली म्हणजे हा विशेष स्पष्ट होतो. स्विस आल्पाइन क्लब १८६३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने पहिली झोपडी बांधली. आज आल्प्समध्ये अशा निवाऱ्यांचे दाट जाळे आहे, त्यांची टापटीप आदर्श आहे. पण ते बहुतेक गिर्यारोहकांसाठी, गावांपासून दूर उंचावर बांधलेले. तेथे शेजार असतो तो फक्त इतर गिर्यारोहकांचा. कुमाऊंतील पिंडारी हिमनदीच्या वाटेवर लोहारखेत, धाकुडी, खाती, द्वाली, फुरकिया अशी डाकबंगल्यांची साखळी इंग्रजी अमलात झाली. चौकीदार, परवाना आणि साहेबाच्या आरामखुर्च्या हे तिचे वैभव. तेथे मुक्काम होता, पण यजमान नव्हता. लडाखात रुंबकसारख्या गावांत गेल्या दोन दशकांत जी घरगुती निवासाची पद्धत वाढली, तिच्यामागे हिमबिबळ्याचे रक्षण हा हेतू होता: बिबळ्याने मेंढ्या मारल्या तरी तो पाहायला येणाऱ्यांपासून घराला उत्पन्न असावे. माझ्या मते हिंदुस्थानच्या हद्दीत नेपाळी भट्टीला सर्वांत जवळची तीच. एरवी आपल्याकडे अजून तंबूंच्या छावण्यांचेच राज्य आहे, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य तरुणांचे हिमालयाशी पहिले नाते युथ होस्टेलच्या अथवा खासगी कंपन्यांच्या छावणीतच जुळते. उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली, तेव्हा त्या व्यवसायाची एकच तारांबळ उडाली. कुरणाला मुक्कामाचे गाव नसते, ही अडचण तेव्हा कायद्याच्या भाषेत समोर आली.

नेपाळी पद्धतीवरचे आक्षेपही थोडे नाहीत. पहिला इंधनाचा. एकेका लॉजच्या चुलीसाठी आणि गरम पाण्याच्या घागरींसाठी गुराँसाचे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे, रान उजाड होऊ लागले, तेव्हा १९८६ साली अन्नपूर्णा संरक्षण प्रकल्प सुरू झाला. ७,६२९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात प्रवाशांकडून शुल्क घेऊन ते तेथेच खर्च करणे, वरच्या भागात लाकडाऐवजी रॉकेल वापरण्याची सक्ती, लॉजवाल्यांच्या समित्यांनी जेवणाचे दर ठरवणे, असे बरेच शहाणपणाचे उपाय त्याने केले. दरनिश्चितीचा एक विनोदी परिणाम असा की, शेजारच्या दहा लॉजांत एकच भोजनपत्रिका असते आणि तिच्यात पिझ्झा, मेक्सिकन पदार्थ आणि ॲपल पाय ही मंडळी दालभाताच्या आधी बसलेली असतात. शहाणा प्रवासी त्यांच्याकडे पाहून स्मित करतो आणि दालभात मागवतो.

दुसरा आक्षेप धोक्याचा. २०१४ सालच्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद वादळाचे अवशेष थोरांग ला आणि आसपासच्या डोंगरांवर हिमवादळ होऊन कोसळले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. वाट सुगम झाली म्हणून खिंडीची उंची कमी होत नाही, हे त्या दिवशी कळले. पुढच्याच वर्षी २५ एप्रिलच्या भूकंपात लांगटांग हे गाव दरडीखाली जवळजवळ समूळ गाडले गेले, लॉज, मालक आणि पाहुणे यांच्यासह. वाचलेल्यांनी ते थोडे बाजूला पुन्हा वसवले, आणि तेथे आज पुन्हा मुक्काम करता येतो. २०२३च्या १ एप्रिलपासून परकीय प्रवाशास वाटाड्या सक्तीचा केल्याचे फर्मान निघाले ते सुरक्षिततेच्या नावाने. खुंबूच्या स्थानिक शासनाने मात्र ते आपल्या हद्दीत लागू करण्याचे नाकारले. मला त्या फर्मानात सुरक्षिततेइतकीच रोजगाराची चिंता दिसते, आणि ती चिंता अस्थानी आहे असेही म्हणवत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न रस्त्याचा. १९५३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेला काठमांडूच्या दरीपासून तेंगबोचेपर्यंत चालण्यास पंधरवड्याहून अधिक दिवस लागले होते. १९६४ साली लुक्लाची धावपट्टी झाली, आणि कालांतराने जिरीवरून येणाऱ्या त्या जुन्या वाटेवरचे लॉज एकामागून एक ओस पडले. अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेत या शतकाच्या पहिल्या दशकात काली गंडकीच्या बाजूने जोमसोमपर्यंत मोटाररस्ता गेला, नंतर दुसऱ्या बाजूने बेसीशहराहून मनांगकडे. जीपची धूळ खात चालण्यास कोणी तयार नाही, म्हणून पलीकडच्या तीरावर नव्या पायवाटा शोधून त्यांवर रंगाच्या खुणा केल्या गेल्या. त्या वाटा देखण्या आहेत, रस्त्यापेक्षा रम्य आहेत, पण त्या केवळ प्रवाशांच्या आहेत. त्यांच्यावर डोको घेतलेला माणूस भेटत नाही. त्यांच्यावरून चालताना दृश्याचे समाधान होते आणि तरी काही उणे वाटते, ते याचमुळे. रस्त्याला विरोध करणाऱ्या परदेशी प्रवाशांविषयी मात्र मला सहानुभूती नाही. ज्या बाईला प्रसूतीसाठी चार दिवस पाठीवर वाहून नेत असत, तिला आज जीप मिळते. तिच्या गैरसोयीवर आपली निसर्गशोभा उभी करण्याचा अधिकार कोणाला नाही.

रस्त्याइतकाच मोठा बदल घराच्या आत चालू आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. नामचे-मनांगच्या घराण्यांतील मुले काठमांडूत शिकतात आणि तेथून न्यूयॉर्कच्या क्वीन्सपर्यंत जातात. लॉज बांधणारी पिढी थकली आहे. म्हणून खुंबूतील कित्येक लॉज आता इजाऱ्याने दिले जातात, आणि चालवतात ते खालच्या डोंगरांतून आलेले राई व तमांग कुटुंबांतील लोक, ज्यांचे आजोबा-पणजोबा याच वाटेवरून पाठीवर धान्य वाहून शनिवारच्या नामचे बाजाराला येत असत. वर्षाचा मक्ता मालकाला आगाऊ द्यायचा, वसंत आणि शरद या दोन हंगामांत तो फेडायचा, आणि उरेल ते गावी पाठवायचे, असा त्यांचा ताळेबंद असतो. यांतील दिदीला इजाऱ्याच्या त्या एका वर्षात सूप विकण्यापलीकडे फुरसत कमी मिळते, आणि शेगडीजवळ बसलेल्या पाहुण्याला ते जाणवतेही. पण भरिया कोठून आला, त्याला आज किती ओझे होते आणि त्याने काय खाल्ले, ही विचारपूस ती जुन्या मालकिणीपेक्षा अधिक आस्थेने करते.